आबांच्या रक्तातला इतिहास

बेळ्ळंदूरला येऊन आठ महिने झाले. इथलं तळं सगळ्या देशाला ठाऊक आहे, फेसामुळे आणि आगीमुळे. १९ जानेवारी २०१८ ला तळ्याकाठी आग लागली तेव्हा ती विझवायला एएससी सेंटरचे जवान उतरले होते. तेव्हा मी उत्तर सीमेवर होतो, बातमी वाचून हसलो होतो. पाण्याला आग लागते, ती विझवायला फौज लागते! आता रोज सकाळी बाल्कनीतून तेच तळं बघतो आणि हसू येत नाही. शहराने नजरेआड टाकलेलं सगळं शेवटी कुठेतरी वर येतंच.

आजचा लेख तळ्यावर नाही. पण टाकून दिलेल्या वस्तूवरच आहे. एका सुईवर.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, आमच्याकडेच असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. वय ७५. मूळ साताऱ्याकडचे. गेली ९ वर्षं इन्सुलिन घेतात. पेन फ्रीजच्या दारात अंड्यांशेजारी असतं. सकाळ-संध्याकाळ स्वतःच टोचून घेतात, कुणाला हात लावू देत नाहीत. वापरलेली सुई ते बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात गुंडाळून कचऱ्यात टाकत. मी हे रोज बघत होतो. तेवीस वर्षांची नोकरी, शेकडो सेफ्टी ब्रीफिंग दिलेली, तरी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हे आधीच कबूल करून टाकतो.

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास दारात कचरा उचलणाऱ्या मावशी 'आई गं' म्हणाल्या. बाहेर गेलो. त्या डाव्या हाताचं बोट पदराने दाबत होत्या. आमचीच सुक्या कचऱ्याची पिशवी त्यांच्या हातात होती.

"काई नाई साहेब, सुई टोचली जरा. होतंय असं."

मावशी बीदर जिल्ह्यातल्या, भालकीकडच्या. मराठी आमच्यासारखीच, फक्त सूर वेगळा. मी विचारलं, "होतंय म्हणजे? आधीही टोचली आहे?"

"दोनदा टोचली की. सांगितलं तर मुकादम म्हणतो, हात बघून घालत जा. जास्ती बोललं तर दुसरी बाई आणतो."

दार उघडं होतं, आबा आत चहा पीत होते. त्यांनी हे सगळं ऐकलं. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "माझीच सुई हाय ती. तिला घेऊन चल दवाखान्यात. मीबी येतो."

आधी मावशींचं बोट नळाखाली धरलं आणि साबणाने धुवायला लावलं. त्या बोट पिळून रक्त काढू पाहत होत्या, आपण सगळे तसंच करतो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ते चूक. पिळायचं नाही, तोंडात धरायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. वाहतं पाणी, साबण, आणि लगेच दवाखाना. बस्स.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईंनी एका कागदावर तीन आकडे लिहिले: ३०, ३, ०.३. सुईवरचं रक्त बाधित माणसाचं असेल तर टोचणाऱ्या शंभर जणांपैकी अंदाजे किती जणांना लागण होऊ शकते, त्याचं हे ढोबळ गणित. हिपॅटायटिस बी असेल आणि लस घेतलेली नसेल तर ३० पर्यंत. हिपॅटायटिस सी असेल तर ३ च्या आत. एचआयव्ही असेल तर ०.३. ज्या एचआयव्हीला आपण सगळ्यात जास्त घाबरतो, तो या यादीत शेवटी आहे. आणि ज्याचं नावही नीट घेता येत नाही तो हिपॅटायटिस बी पहिला. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो.

"सुई कुणाची ते माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

"माझ्या वडिलांची. त्यांच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून टाका," मी म्हणालो. सवयीने ऑर्डरच्या सुरात.

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, त्यांना विचारलंत का?"

मी गप्प झालो. एचआयव्हीची तपासणी माणसाच्या संमतीशिवाय करायची नाही, असा २०१७ चा कायदा आहे. सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. आबा मागेच उभे होते. त्यांनी पुढे येऊन सही केली, फौजी सही, नावाखाली रँकसकट.

मग डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. कधी कावीळ झाली होती? ऑपरेशन? कधी रक्त चढवलंय?

"चढवलंय. ७१ ला."

हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं. डिसेंबर १९७१, पूर्व आघाडी. आबा तेव्हा २२ वर्षांचे होते, मांडीत स्प्लिंटर घुसले होते. मागे आणल्यावर दोन बाटल्या रक्त चढवलं. कुणाचं होतं ते त्यांना कधी कळलं नाही. "कुणीतरी जवानच आसंल. त्याच्यामुळं मी हाय," एवढंच ते नेहमी म्हणत.

दीड तासात निकाल आले. एचआयव्ही नाही. हिपॅटायटिस बी नाही. हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडं मात्र आढळली.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण पुढचे चार दिवस मी तोच वाचत होतो. झोप येत नव्हती म्हणून.

रक्तातून पसरणाऱ्या काविळीची पहिली नीट नोंद जर्मनीतल्या ब्रेमेनची आहे. १८८३ मध्ये तिथल्या जहाजबांधणी कारखान्यातल्या १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली होती. ती माणसाच्या लशीच्या फोडातल्या द्रवापासून बनवलेली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातल्या १९१ जणांना कावीळ झाली. ज्यांना ती लस टोचली नव्हती ते ठणठणीत राहिले. ल्यूरमान नावाच्या डॉक्टरने १८८५ मध्ये हे लिहून ठेवलं. फार कुणी लक्ष दिलं नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं, आणि हा धडा फौजेनेच शिकला, फार महागात. १९४२ मध्ये अमेरिकन सैन्यात काविळीची साथ आली. सुमारे ५०,००० सैनिक आजारी पडले, आणि तेही शत्रूची गोळी न लागता. सैनिकांना पीतज्वराची लस दिली होती. ती टिकाऊ व्हावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्तातला द्रव मिसळला होता, आणि ते रक्त देणाऱ्यांपैकी काही जण हिपॅटायटिस बीचे वाहक होते. दिसायला धडधाकट माणसं. तेव्हा विषाणू कुणी पाहिलाच नव्हता, तर तपासणार काय? पुढे ४० वर्षांनी त्या जुन्या सैनिकांचं रक्त पुन्हा तपासलं गेलं आणि १९८७ मध्ये हिशोब प्रसिद्ध झाला: लागण झालेले सुमारे ३,३०,००० असावेत. रोगापासून वाचवण्यासाठी रांगेत उभं करून टोचलेल्या सुईनेच दुसरा रोग दिला होता.

याच युद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, ब्रिटिश डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट मांडली. रुग्णागणिक फक्त सुई बदलून भागत नाही. सिरिंजमध्ये मागे ओढलेलं रक्ताचं नुसत्या डोळ्यांना न दिसणारं थेंबभरही काम बिघडवतं. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या भरतीच्या वक्ताला शंभर जणांची रांग आसायची. शर्टाची बाही वर आन् पुढं सरकायचं. काचेची सिरिंज. सुई उकळून घ्यायचे, पर किती येळ उकळली ते कोन बघतंय?"

१९६५ मध्ये बारूख ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं आवरण निघालं. त्यावरून रक्त तपासण्याची चाचणी आली, पुढे लस आली आणि १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण बी गाळून काढल्यावरही रक्त चढवलेल्या लोकांना कावीळ होतच राहिली. ए नाही, बी नाही, मग काय? बरीच वर्षं डॉक्टर तिला 'ए-नाही-बी-नाही' असंच म्हणत. १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषाणू ओळखला, त्याला सी नाव मिळालं. भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची सी साठी तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये.

म्हणजे १९७१ च्या डिसेंबरात ज्या डॉक्टरने आबांना रक्त चढवलं, त्याच्याकडे ते तपासायचा कुठलाही मार्ग नव्हता. त्याने एका पोराचा जीव वाचवला. ज्याने रक्त दिलं त्यालाही काही ठाऊक नसणार. यात गुन्हेगार कुणी नाही. असा इतिहास पचवायला जास्त जड जातो.

डॉक्टरांनी समजावलं होतं की प्रतिपिंडं असणं म्हणजे विषाणू असणंच नव्हे. विषाणू येऊन गेला असेल, शरीराने स्वतःच त्याला हुसकावला असेल, तरी खूण मागे राहते. खरं काय ते दुसरी चाचणी सांगेल, तिला चार दिवस लागणार होते. मावशींचं पुढचंही त्यावरच ठरणार होतं. बीची लस त्यांना लगेच सुरू केली, पहिला डोस त्याच दिवशी. पण सीवर लस नाही आणि टोचल्यानंतर घ्यायचं औषधही नाही. आबांच्या रक्तात विषाणू निघाला असता तर मावशींना काही महिने तपासण्या करत वाट बघावी लागली असती.

घरी आल्यावर आबा बाल्कनीत बसले. रात्री जेवले नाहीत. मला वाटलं स्वतःच्या काळजीत आहेत. बाजूला जाऊन बसलो, म्हणालो, "आबा, सीवर आता औषध आहे. गोळ्या असतात, बारा आठवड्यांच्या. बहुतेक सगळे बरे होतात. ईसीएचएस आहे, सरकारी कार्यक्रमही आहे. तुम्ही काळजी करू नका."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझं काय घिऊन बसलास? मी बावीस येळा रक्त दिलंय रं."

मला हे सुचलंच नव्हतं. ७१ ला मिळालेल्या दोन बाटल्यांचं कर्ज फेडायचं म्हणून आबा १९७४ पासून रक्त देत आले. पलटणीच्या रेझिंग डेला रक्तदानाच्या रांगेत पहिले तेच. निवृत्तीनंतर गावात गणेशोत्सवाच्या शिबिरातही. त्यांच्या पेटीत ती प्रमाणपत्रं मेडलांच्या शेजारी आहेत. आता ते अंधारात बसून हिशोब करत होते. बावीस पिशव्या. बावीस माणसं. त्यातली कुणी बाळंतीण, कुणी पोर.

लढाईत जखमी झालेल्या, सहकारी गमावलेल्या माणसांशी काय बोलायचं ते थोडंफार शिकलोय. त्या रात्री काहीच बोलता आलं नाही. नुसता बसून राहिलो.

त्या चार दिवसांत मी आणखी एक गोष्ट वाचली, ती मराठी वाचकांना सांगायलाच हवी. भारतात एचआयव्ही आहे हे प्रथम सिद्ध करणारी मायक्रोबायॉलॉजिस्ट मूळची आपल्यातली होती. सुनीती गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या महाराष्ट्रीय घरातली मुलगी. लग्नानंतर सुनीती सॉलोमन. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकवत असताना, १९८५ च्या अखेरीस, त्यांनी सेल्लप्पन निर्मला या ३२ वर्षांच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय दिला: इथे एड्स आहे का ते बघ. तेव्हा बहुतेकांचं मत होतं की हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याकडे कुठला! मुंबईकडचे काही नमुने तपासले होते, त्यात काही निघालंही नव्हतं.

निर्मलांनी मद्रासमध्ये वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. नवरा स्कूटरवरून सोडायचा. नमुने ठेवायला धड सोय नव्हती म्हणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. फेब्रुवारी १९८६ मध्ये नवराबायको रात्रीच्या गाडीने काटपाडीला उतरले आणि बर्फातले नमुने घेऊन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत पोचले. तिथे ऐंशीच्या आसपास नमुन्यांपैकी सहांचा रंग बदलला, पिवळा झाला. पुन्हा तपासले, तेच. अमेरिकेत खात्री करून घेतली, तेच. तमिळनाडूच्या विधानसभेत ते जाहीर करावं लागलं.

त्या सहा जणींची नावं इतिहासात नाहीत, आणि नसावीतच. पण त्यांच्या रक्तामुळे देश जागा झाला. १९८९ पासून दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची होत गेली. तेव्हा आपल्याकडे बरंचसं रक्त विकत मिळायचं. पोट भरायला रक्त विकणारे लोक रक्तपेढ्यांच्या दारात उभे असत, दर महिन्याला, कधी दर आठवड्याला. 'कॉमन कॉज' या संस्थेचे एच. डी. शौरी सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ जानेवारी १९९६ ला निकाल आला: प्रत्येक रक्तपेढीला परवाना हवा आणि दोन वर्षांत रक्ताची विक्री बंद. १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली. त्याआधी काही महिने, ऑगस्ट १९९७ मध्ये, हैदराबादच्या शांता बायोटेकने देशी हिपॅटायटिस बी लस बाजारात आणली आणि परदेशी लशीची किंमत कोसळली. २००२ मध्ये काही ठिकाणी आणि २०११ पासून देशभर ती बाळांच्या लसीकरणात आली.

सॉलोमन यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केलं. ज्यांना दवाखान्याच्या दारातून हाकलत, त्यांना त्या तिथे तपासत आणि शेजारी बसवून बोलत. त्यांचं काम वाचताना मला जाणवलं की रोग रोखण्याच्या या सगळ्या कामात चाचणी हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे माणसाने न घाबरता 'मला टोचलं' किंवा 'मला आहे' असं म्हणता येणं. आमच्या मावशींना दोनदा टोचलं आणि त्या बोलल्या नाहीत. त्यांना सुईपेक्षा मुकादमाची भीती जास्त होती. फौजेतही हेच आहे. जो सीओ प्रत्येक चुकीला शिक्षा देतो, त्याला त्याच्या पलटणीतली खरी बातमी सगळ्यात शेवटी कळते.

पाचव्या दिवशी निकाल आला. विषाणू आढळला नाही.

डॉक्टरबाईंनी आबांना समोर बसवून सांगितलं: सीची लागण झालेल्यांपैकी काही जणांचं शरीर औषधाशिवाय त्याला हुसकावतं, चारात एकाचं तरी. आणि असं होतं ते बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांतच. तुम्हाला ७१ ला रक्त मिळालं, पहिल्यांदा दिलंत ७४ ला. म्हणजे तुम्ही देत होता तेव्हा तुमचं रक्त जवळजवळ नक्की स्वच्छ होतं.

"जवळजवळ?" आबांनी विचारलं.

"डॉक्टर शंभर टक्के कधीच म्हणत नाहीत, अंकल."

आबांनी मान हलवली. परत येताना गाडीत म्हणाले, "ज्यानं मला रक्त दिलं, त्याच्यात तो विषाणू राह्यला आसंल का रं? त्याला कुनी सांगितलं आसंल का?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मावशींना आबांच्या सुईपासून धोका नाही हे त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आप्पा बरे हाईत ना? मग झालं."

त्यानंतर काय केलं ते सांगतो, कारण हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी इन्सुलिन असणार. जाड प्लास्टिकचा, अरुंद तोंडाचा, झाकणाचा डबा घ्यायचा. वापरलेली सुई लगेच त्यात. पातळ बाटली किंवा पुडा चालत नाही, सुई आरपार येते. डबा पाऊण भरला की झाकण पक्कं बंद करून जवळच्या दवाखान्यात द्यायचा, त्यांचा जैववैद्यकीय कचरा उचलणारी गाडी येते. आधी विचारून घ्या, बहुतेक जण घेतात. २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने बेंगळुरूत दोन डबे आणि एक पिशवी अशी विभागणी ठरली: ओला, नको असलेला, सुका. सुई यातल्या कशातच सुटी टाकायची नाही. आबांनी तेलाच्या जुन्या कॅनवर मार्करने कवटीचं चित्र काढून 'सुई' असं मराठीत लिहिलं, आणि मावशींना विचारून खाली कानडीतही लिहून घेतलं.

सोसायटीच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं की चूक माझ्या घरातून झाली. त्यानंतर इतर तीन घरांनी कबूल केलं की तेही असंच टाकतात. सफाईचे अकरा कर्मचारी, सगळ्यांना बीची लस सोसायटीच्या खर्चाने द्यायचं ठरलं, जाड हातमोजेही. मुकादमाला लेखी सांगितलं की टोचल्याचं सांगणाऱ्याचं काम जाणार नाही. एका सभासदाने विचारलं, "याची काय गरज, आपल्याकडे सगळे चांगल्या घरचे लोक आहेत." आबा खुर्चीतून म्हणाले, "मीबी चांगल्या घरचाच हाय."

आज २८ जुलै. ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस, म्हणून जागतिक हिपॅटायटिस दिन. २०१८ मध्ये याच तारखेला आपल्या सरकारने हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, ज्यात सीच्या गोळ्या मोफत मिळतात. आणि २०१५ मध्ये याच तारखेला सुनीती सॉलोमन गेल्या.

मावशींचा दुसरा डोस परवा झाला. तिसरा डिसेंबरात. तारीख आबांनी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे आणि गाडीने न्यायला मी असलो पाहिजे, अशी ऑर्डरही दिली आहे. माझी बदली झाली तर काय, असं विचारलं तर म्हणाले, "मग मी नेतो रिक्षानं."

जुन्या सैनिकांना एक विनंती. २००१ च्या आधी, विशेषतः लढाईत किंवा ऑपरेशनच्या वेळी तुम्हाला रक्त चढवलं असेल, तर हिपॅटायटिस सीची एक चाचणी करून घ्या. अनेकांना वर्षानुवर्षं काही जाणवत नाही आणि यकृत आतून खराब होत राहतं. औषध आहे. उशीर मात्र करू नका.

जय हिंद.